टोमॅटोतले बेक्ड बीन्स घरी करत बसू नये. करायचेच तर बॉस्टनचे करावेत

टेम्सकाठचा (धागाकर्ता)

लंडनच्या आमच्या मराठी गोतावळ्यात सध्या एक टूम आहे. डब्यातले बेक्ड बीन्स वाईट, घरी करा. प्रत्येक जेवणावळीला कोणीतरी पातेलं घेऊन येतं आणि "अगदी डब्यासारखे झालेत हो" हे ऐकायची वाट बघत उभं राहतं. माझं मत मांडतो, मग खुशाल तुटून पडा.

ब्रिटिश धाटणीचे, पातळसर गोड टोमॅटो सॉसमधले बीन्स घरी करण्यात अर्थ नाही. हा पदार्थ मुळात डब्यातच तयार होतो. पांढरे नेव्ही बीन्स गरम पाण्यातून काढतात, डागाळलेले दाणे वेगळे करतात, अर्धवट कच्चे असतानाच सॉससकट डब्यात भरून झाकण बंद करतात आणि त्या बंद डब्यातच वाफेच्या दाबाखाली शिजवतात. ओव्हन कुठेच नाही, ‘बेक्ड’ म्हणायचं ते लेबलापुरतं. दाण्यातून सुटलेला स्टार्च सॉसमध्येच राहतो, वाफ उडून जात नाही, आणि आत डाव फिरवायला कोणी नसल्यामुळे दाणा अख्खा राहतो. घरच्या पातेल्यात एक तर सॉस आटतो, नाहीतर दाणा फुटतो. शेवटी होते ती गोडसर टोमॅटो उसळ. उसळ वाईट नसते, पण टोस्टवर जे हवं होतं ते हे नाही.

अमेरिकेतल्या बॉस्टनचे बीन्स मात्र घरच्या भट्टीचे. मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारी उसाची काळी मळी), कोरडी मोहरी पूड, कांदा, खारवलेलं डुकराचं मांस, झाकणाचं मातीचं भांडं, मंद आच, सहा-आठ तास. तिथल्या प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाचा सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारी सूर्यास्ताला सुरू व्हायचा, त्यात काम वर्ज्य. म्हणून शनिवारी भांडं भट्टीत जायचं, रात्री गरम खायचं आणि रविवारी सकाळी उरलेलं. त्यासाठी ओव्हन पेटवा, मी हजर आहे.

---

चिमूटभर हिंग

असहमत, आणि जोरात असहमत. चव डब्यासारखी यावी म्हणून कोण करतंय? आमच्याकडे पाच वर्षांचं पोर आहे. आठवड्यातून तीनदा बीन्स मागतं. अर्ध्या डब्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ आणि नऊ-दहा ग्रॅम साखर. टोमॅटोची आणि दाण्याची स्वतःची साखर त्यात धरलीय, हे मान्य. पण इथे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला तीन ग्रॅम मीठ ही मर्यादा सांगतात. वर पाव, चीज, बटर. सकाळीच निम्मा कोटा संपला की नाही?

घरी मी साखर घालतच नाही. गाजर किसून सॉसमध्ये शिजवते, गोडी तेवढी पुरते. पोराने पहिल्यांदा नाक मुरडलं, आता चाटूनपुसून खातं. तुमचा बंद डब्याचा सिद्धांत त्याला कोणी समजावला नाही म्हणून असेल.

---

टेम्सकाठचा

ताई, पोरासाठी करता ते रास्तच आहे. पण गाजर घातलंत, साखर काढलीत, म्हणजे तुम्ही दुसराच पदार्थ केलात. त्याला नावं ठेवत नाही. डब्याशी तुलना करू नका एवढंच.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. दाणे शिजायला जो वेळ लागतो त्याचं काय? रात्रभर भिजवून, दोन तास उकळून बोटाने दाबावं तर आत खडा. आमच्याकडे तरी हे नेहमीचं आहे.

---

क्लाइडपारची

हे वाचून हसू आलं. मी ग्लासगोत राहते, रात्री भिजवलेले हॅरिको बीन्स (हेही पांढरे दाणेच) पाऊण-एक तासात लोण्यासारखे होतात. तुमच्या किटलीत पांढरा थर बसतो ना? तेच कारण. लंडनचं पाणी जड, चुन्याचं. त्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या द्रव्याला) घट्ट धरून ठेवतं, मग तुम्ही उकळत बसा. आमच्याकडे लॉख कॅट्रिन तळ्याचं पाणी येतं, एकदम मऊ.

उपाय सोपा आहे. भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ घाला. मिठाने दाणे कडक होतात ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, पण भिजवताना उलटं होतं. सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. पाणी फारच जड असेल तर उकळताना खायचा सोडा, अगदी चिमूट. जास्त पडला तर साबण खाल्ल्यासारखं लागेल. आणि टोमॅटो, व्हिनेगर दाणा पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा हट्टाला पेटतो.

थोडक्यात, तुमची तक्रार पदार्थाची नाही, नळाची आहे.

---

कोरेगावकर

वाचतोय, मजा येतेय. पण मूळ प्रश्नच कळला नाही. आमच्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला, तोही त्याच घराण्यातला. शास्त्रीय नाव फेझिओलस व्हल्गॅरिस. राजमा, नेव्ही बीन्स, हॅरिको, सगळी भावंडं. कांदा-लसणाचं चटकदार कालवण आणि भाकरी सोडून त्याला गोड टोमॅटोत बुडवायचं, तेही इंग्रजासारखी चव यावी म्हणून? अहो, इंग्रज स्वतः तो दाणा कॅनडा-अमेरिकेतून मागवतो.

---

मसाला टोस्ट

मी आळशी पंथातली. तेलात जिरं, बारीक कांदा, हिरवी मिरची, हळद, तिखट, त्यावर डबा उपडा, पाच मिनिटं, वर कोथिंबीर. विलायतेतल्या निम्म्या देशी घरांत हेच चालतं आणि हॉस्टेलवरच्या पोरांचा जीव यावरच जगतो. आटापिटा कशाला?

---

चार्ल्सकाठचे काका

धागाकर्त्याने आमच्या बॉस्टनची बाजू घेतली म्हणून आनंद झाला, पण त्यांनी सगळं फार गोड करून सांगितलं. मोलॅसिस न्यू इंग्लंडमध्ये (बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेत) एवढं स्वस्त का होतं? कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांनी पिकवलेल्या उसाचं ते. रम गाळण्यासाठी जहाजं भरभरून यायचं, त्यातलंच थोडं गरिबाच्या बीन्समध्ये. सब्बाथचं सोवळं आणि भांड्यातला माल, दोन्ही लक्षात असू द्या.

१९१९ साली १५ जानेवारीला शहराच्या नॉर्थ एंड भागात मोलॅसिसची अजस्र टाकी फुटली आणि लाटेखाली २१ माणसं गेली. तो माल बीन्ससाठी नव्हता, औद्योगिक अल्कोहोलसाठी होता, पण शहराचं आणि मोलॅसिसचं नातं केवढं घट्ट होतं ते यावरून कळतं. (अवांतर झालं, माफी.)

आता मुद्दा. मोलॅसिस नुसतं गोडीला नसतं. त्यात आंबटपणाही आहे आणि कॅल्शियमही. क्लाइडपारच्या ताईंनी ज्याला खलनायक ठरवलं तेच इथे कामाला येतं: आठ तास भट्टीत राहूनही दाण्याचा लगदा होत नाही. म्हणून दाणे आधी पाण्यात शिजवून घ्यावे लागतात. किती, ते ओळखायची जुनी खूण सांगतो. चमच्यात दोन-चार दाणे घ्या आणि त्यावर हळूच फुंकर मारा. साल तडकून मागे वळलं की उतरवा. तेवढंच, पुढे नाही.

मग भांड्याच्या तळाशी अख्खा कांदा, वर दाणे, मोलॅसिस-मोहरी-मीठ कालवलेलं उकळतं पाणी दाणे बुडेपर्यंत. मांसाचा तुकडा वर, चिरा पाडून. झाकण लावून १३०-१४० अंश सेल्सियसला. मधूनमधून पाणी बघा, कमी झालं तर गरमच घाला. शेवटचा तासभर झाकण काढायचं, वरचा थर गडद तपकिरी होतो आणि कडेला चिकट पापुद्रा धरतो. आमच्या घरी भांडणं होतात ती त्या पापुद्र्यासाठी.

आणि हो, कारखान्याला हे जमत नाही असंही नाही. शेजारच्या मेन राज्यात पोर्टलंडला विटांच्या भट्टीत बीन्स भाजून डबे भरणारा कारखाना होता. २०२१ मध्ये बंद झाला.

---

भाजीभाकरी

डुकराचं मांस काढलं की तुमचं बॉस्टन कोसळतं का? आम्ही शाकाहारी. मोलॅसिसऐवजी काकवी घालून केलं तर?

---

चार्ल्सकाठचे काका

कोसळत नाही, पण पांगळं होतं. मांसाने तीन गोष्टी येतात: चरबी, मीठ, खमंगपणा. लोणी सढळ हाताने घाला, मीठ वाढवा, धुरावलेली पाप्रिका एक चमचा. जमून जाईल.

काकवीचं जपून. काकवी म्हणजे उसाचा रस आटवून केलेली, साखर सगळी शाबूत. मोलॅसिस हे साखर काढून घेतल्यावर उरलेलं, म्हणून त्याला कडवट धार असते. मोलॅसिसच्या मापाने काकवी ओतलीत तर पाकातले दाणे होतील. निम्मी घाला आणि मोहरी दीडपट करा.

---

चिमूटभर हिंग

म्हणजे बॉस्टनवाल्यांनी मांस काढून लोणी घातलं, मोलॅसिस काढून काकवी घातली तरी ते बॉस्टनच. मी साखर काढून गाजर घातलं तर मात्र ‘दुसराच पदार्थ’. वा रे न्याय!

---

कोरेगावकर

ताई, +१. धागाकर्ते आता कुठे लपतात बघू.

---

टेम्सकाठचा

लपत नाही. सापडलो खरा, पण फरक आहे. बॉस्टनच्या पद्धतीत जिन्नस बदलले तरी ओव्हनमधले आठ तास, तो पापुद्रा, ते आटणं शिल्लक राहतं, आणि ते घरीच होतं. टोमॅटोच्या बीन्समध्ये पद्धतच बंद डब्याची आहे, ती घरी आणणार कुठून? प्रेशर कुकरमध्ये सॉससकट लावून बघा म्हणाल, तर तळाला लागतं.

नळाचा मुद्दा मात्र मान्य. मीठ घालून भिजत टाकलेत.

---

क्लाइडपारची

लागतं कारण सॉस जाड असतो. कुकरच्या तळाला पाणी घाला, आणि वर ताटली झाकलेल्या स्टीलच्या डब्यात सॉससकट दाणे, डाळ-भाताला लावतो तसं. दाणे आधी निम्मेशिम्मे शिजवून, सॉसमध्ये चमचाभर कॉर्नफ्लोअर. बंद भांडं, वाफेचा दाब, डाव नाही. तुमच्या कारखान्याची व्याख्या जशीच्या तशी. घरात डबाही आणि दाबही!

---

मसाला टोस्ट

आता हे कोणी करून फोटो टाका, मी माझा डबा उघडून बसते.

---

रात्रपाळी

एक धोक्याची सूचना, कारण शेवटी कोणीतरी विचारणारच: "स्लो कुकरमध्ये कच्चे दाणे थेट टाकले तर?" टाकू नका. या जातीच्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात कमी, पण असतंच. स्लो कुकरच्या मंद आचेला ते मरत नाही, मग उलट्या-जुलाब. भिजवलेलं पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळाखळा उकळा, मग कुठेही ढकला. काकांच्या पद्धतीत ते आपोआप होतं. वाघ्या घेवड्यालाही हाच नियम.

---

कोरेगावकर

आमचा घेवडा कुकरमध्ये चार शिट्ट्या खातो, काळजी नसावी. बाकी टेम्सकाठच्यांनी स्टीलच्या डब्याचं उत्तर अजून दिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

---

टेम्सकाठचा

देतो. दाणे भिजलेत, डबा घासून ठेवलाय. पण टोस्टवर पसरल्यावर सॉस कडेने ओघळला नाही, तर माझं मत आहे तिथेच राहील.