मदत हवी आहे: टेरब्लांशच्या संघटनेला मराठीत 'चळवळ' म्हणायचं का?

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी दक्षिण आफ्रिकेवर लेख लिहितेय, मंडेलांबद्दल मराठीत भरपूर आहे म्हणून मी त्यांच्या वाटेत आडवा आलेला माणूस घेतला, यूजीन टेरब्लांश. आधी पोलिसात होता, मग शेती, आणि १९७३ मध्ये हायडेलबर्ग गावातल्या एका गॅरेजमध्ये आणखी सहा जणांना घेऊन त्याने एडब्ल्यूबी (Afrikaner Weerstandsbeweging) ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढणारी संघटना काढली.

गाडी अडलीय ती या नावापाशीच. सरळ मराठी केलं तर 'आफ्रिकानर प्रतिकार चळवळ' होतं (आफ्रिकानर म्हणजे तिथले मुख्यतः डच वंशाचे गोरे), पण चळवळ म्हटलं की मला महाडचं तळं आठवतं, बेचाळीस आठवतं. या लोकांनी लाल झेंड्यावर स्वस्तिकासारखं दिसणारं तीन सातांचं चिन्ह मिरवलं, १९९३ मध्ये केम्प्टन पार्कला वर्णभेद संपवायच्या वाटाघाटी चालू होत्या तिथे चिलखती गाडीने काचा फोडून आत घुसले, त्यांना तोच शब्द द्यायला हात धजत नाही. 'संघटना' फारच मिळमिळीत वाटतं आणि 'टोळी' म्हटलं तर मी आधीच निकाल दिल्यासारखं होतं. तुम्ही काय वापराल?

दुसरी अडचण जास्त त्रास देतेय. त्याने एका काळ्या सुरक्षारक्षकाला इतकं मारलं की त्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा झाली, खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली, २००४ मध्ये सुटला आणि तुरुंगाबाहेर येऊन पुन्हा घोड्यावर बसला. फोटो बघाल तर घोडा, दाढी आणि भाषणंच जास्त. तीनदा लेख सुरू केला, तिन्ही वेळा पहिल्याच परिच्छेदात घोडा आला आणि तो रक्षक चौथ्या पानावर एका ओळीत उरकला गेला, हे मला अजिबात पटत नाहीये.

शिवाय शेवट. ३ एप्रिल २०१० ला त्याचा स्वतःच्याच शेतावर खून झाला, शेतावरच्या एका मजुराला जन्मठेप झाली. लेख तिथे संपवला तर वाचकाला हा हुतात्मा वाटेल अशी भीती वाटते. खून आधी सांगून शेवटी रक्षकाकडे यावं का? कुणी असं चरित्र लिहिलं असेल तर क्रम कसा लावलात ते प्लीज सांगा.

आणि छोटंसं, आफ्रिकान्स या त्यांच्या भाषेत 'v' अक्षराचा उच्चार 'फ' होतो, मग त्याचं गाव व्हेंटर्सडॉर्प लिहू की फेंटर्सडॉर्प? रविवारी मजकूर द्यायचाय.