मदत हवी आहे: लोपे दे वेगाच्या नाटकासाठी मराठी छंद

नमस्कार मंडळी. स्पॅनिश नाटककार लोपे दे वेगाचं १६१९ साली छापलेलं ‘फ्वेन्तेओवेहुना’ मराठी रंगमंचासाठी रचतो आहे. जुलमी कमांडरला गावकरी ठार करतात. पुढे छळ होऊनही ‘कोणी मारलं?’ या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर एकच: फ्वेन्तेओवेहुनाने! म्हणजे गावानेच.

अडलंय ते पद्यात. १६०९ च्या आपल्या नाट्यविषयक काव्यात लोपे सांगतो की प्रेमाच्या गोष्टींना रेदोन्दिया (चार ओळींचं कडवं), गाऱ्हाण्याला देसिमा (दहा ओळींचं कडवं), वाट पाहणाऱ्याला सुनीत, निवेदनाला रोमान्से. छंद बदलला की प्रसंगाचा रंग बदलतो, हे मला फार मोलाचं वाटतं. सरसकट गद्य केलं तर नाटकाचा प्राणच जाईल.

तिसऱ्या अंकात गावातली तरुणी लाउरेंसिया केस विस्कटलेल्या अवस्थेत पंचांच्या सभेत घुसते आणि पुरुषांना भित्रे ससे म्हणते. ते भाषण रोमान्से छंदात आहे: आठ अक्षरांच्या ओळी, समओळींच्या शेवटी फक्त स्वरांचा मेळ. आपली अष्टाक्षरी त्याला जवळची, पण सलग म्हटली की भजनाची लय येते. कटाव (जलद लयीची जुनी मराठी पद्यरचना) घ्यावा का? की मुक्त ओवी? संगीत नाटकात किंवा पोवाड्यात काम केलेल्यांनी कृपया सुचवा. स्पॅनिशवरून थेट केलेला मराठी अनुवाद कुठे असेल तर तेही कळवा.