बंदुकीचं दुकान सील झालं, वर नेमबाजीची रेंजही बंद. मुलीची रायफल आत अडकलीय

रत्नागिरी जिल्ह्यातलं छोटं गाव आमचं. खाली बंदुकीचं दुकान नि वर त्याच मालकाची १० मीटरची रेंज, जिना दुकानातनंच. काडतुसांचा स्टॉक आणि रजिस्टर जुळेना म्हणून त्यांच्यावर केस झाली, लायसन्स सस्पेंड, दुकानाला सील. वर फक्त एअर रायफली, त्यांचा काय संबंध, पण जायचं कुठून? मुलीची रायफल लॉकरमध्ये आहे आणि तिची स्पर्धा सव्वा महिन्यावर. बिल आहे माझ्याकडे. माणूस तसा वाईट नव्हता हो, गरीब पोरांची फी घ्यायचा नाही. काय करावं?

खाडीकाठचा वकील
पहिलं बघा, रायफल जप्त झालीय की नुसती सीलच्या आत राहिलीय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचनाम्याची नक्कल मागा आणि तुमचा सिरियल नंबर त्यात आहे का बघा. नसेल तर बिल घेऊन तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, पोच घ्यायचीच. असेल तर मॅजिस्ट्रेटकडे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करीन अशा लेखी हमीवर मागावी लागेल, पूर्वी सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ४५१, ४५७ खाली व्हायचं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४९७ नि ५०३. स्पर्धेची एंट्री जोडा. १० मीटरची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास जोराने मारते, २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये लायसन्स २० ज्यूलच्या वर लागतं, हेही अर्जात लिहा, कारण ठाण्यात बंदूक म्हणजे बंदूक.

रानडुक्कर_त्रस्त
तुमचा बरा हा, बिल तरी हा. माझ्या बापाशीची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक त्याच दुकानात ठेवलेली, बापूस आजारी म्हणून. पावती घरात गावना नाय. हयसर डुकरांनी भात लोळवल्यानी. नि माणूस चांगलो म्हणून काडतुसा परत येतत काय? ती खय गेली ता गावात सगळ्यांका म्हायत हा, बोलूचा कोणी नाय.

खाडीकाठचा वकील
पावती नसली तरी दुकानाच्या ठेव रजिस्टरात नोंद असणार, ते पोलिसांकडेच आहे. वडिलांचं लायसन्स घेऊन जा, आणि त्याची मुदत संपली नाही ना ते आधी बघा, नाहीतर बंदूक सोडवायला जाल नि स्वतःच अडकाल.

पाण्याखालचा
मी मालवणात स्कूबाला आहे. या रायफली दाबाच्या हवेवर चालतात ना, दुसरी मिळाली आणि हवा भरायची असेल तर सांगा, २०० बार दाबाचा सिलिंडर आमचा कॉम्प्रेसर सहज भरतो, पुण्यातला एक शूटर सुट्टीत येतो तो आमच्याकडनंच भरून नेतो. फक्त अडॅप्टर तुमचा आणा. फिल्टर नवा आहे का तेही विचारत जा, दमट हवा रायफलीत गेली की आतनं गंज.

मूळ प्रश्नवाली
सगळ्यांचे आभार. आज ठाण्यात गेले. पंचनाम्यात नंबर नाही, म्हणजे नुसती सीलच्या आत आहे. साहेब म्हणाले अर्ज द्या, दोन पंच आणून लॉकर उघडू, वार सांगितला नाही. तोवर कोल्हापूरच्या ओळखीतल्या एका पोराने जुनी रायफल दिलीय, तिचा स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) पोरीला लांब पडतो म्हणून रडारड चालूय. पडवीपासून माजघराच्या भिंतीपर्यंत टेप लावली, बरोबर १० मीटर आणि चार बोटं. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका काढून रिकामीच धरून बसते तासभर, सासूबाई मधूनच चहा घेऊन आडव्या जातात. पाण्याखालचा, अडॅप्टरचा फोटो टाकते, चालेल का बघा.