अंडरग्रॅव्हल फिल्टर : उगाच बदनाम की खरंच कालबाह्य?

जुनीटाकी
हल्ली दुकानात अंडरग्रॅव्हल मागितला की दुकानदार कीव केल्यासारखं बघतो आणि स्पंज नाहीतर टाकीच्या काठाला लटकणारा हँग-ऑन फिल्टर गळ्यात मारतो. माझं मत उलटं आहे. दोन-तीन फुटी टाकी, मासे छोटे, झाडं नाहीत, अशा घरासाठी यापेक्षा भरवशाचा फिल्टर नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: तळाशी भोकांच्या प्लास्टिक जाळ्या, त्यावर खडी, कोपऱ्यात उभी नळी आणि नळीत एअरस्टोन, म्हणजे एअर पंपाच्या हवेचे बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड. बुडबुड्यांबरोबर नळीतलं पाणी वर चढतं आणि त्याच्या जागी टाकीतलं पाणी खडीतून खाली ओढलं जातं. म्हणजे अख्खी खडीच फिल्टर. २४ × १२ × १२ इंचाच्या टाकीत अडीच इंच थर द्यायला साधारण १८ किलो खडी लागते. त्यातल्या प्रत्येक दाण्यावर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बसतात. मुठीएवढ्या स्पंजची त्यापुढे काय मातब्बरी? पाण्यात मोटर नाही, जळण्यासारखं काही नाही. नावं ठेवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी जाळीवर बारीक वाळू पसरलेली असते, मग तुंबणार नाही तर काय? खडी ३ ते ५ मिलिमीटरची घ्या, सायफन मारत राहा आणि मग बोला.

गाळसाक्षर
असहमत. बॅक्टेरिया नुसत्या जागेवर वाढत नाहीत, खायला मिळेल तेवढेच वाढतात. डझनभर गप्पींचा अमोनिया मुठीएवढा स्पंज आरामात संपवतो. त्यांच्यासाठी १८ किलो खडी म्हणजे चार माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं.

आणि खरा मुद्दा घाणीचा. जुनी टाकी मोडताना जाळी उचलून बघा. खाली तपकिरी, मऊ गाळाचा थर असतो, हात लागला की सगळं पाणी चहासारखं होतं. विष्ठा, उरलेलं खाणं, सगळं तिथे कुजत असतं आणि नायट्रेट वाढवत असतं. स्पंज काय करतो? टाकीच्याच पाण्याच्या बादलीत दोनदा पिळला की घाण कायमची बाहेर. तुमच्या फिल्टरमध्ये ती फक्त नजरेआड होते.

जुनीटाकी
@गाळसाक्षर, सायफनची काचनळी खडीत थेट जाळीपर्यंत खुपसायची, खडी नळीत उसळते, घाण पाण्याबरोबर जाते, खडी परत खाली बसते. दर आठवड्याला एक तृतीयांश तळ. नाहीतरी पाणी बदलताच ना? त्याच पाण्यात हे होतं. आणि जाळीखाली पोचलेला गाळ बहुतेक कुजून संपलेला, निरुपद्रवी असतो.

गाळसाक्षर
निरुपद्रवी असेल तर टाकी मोडताना मासे आधी दुसरीकडे हलवायला का सांगतात?

सदाशिवपेठी
पुण्यात राहून अंडरग्रॅव्हलची तारीफ करणारा अजून भेटायचाय. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की सकाळी गेलेली लाईट दुपारीच येते. हे बॅक्टेरिया प्रचंड ऑक्सिजन खातात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला साडेचार ग्रॅमच्या वर. पाण्याचा ओढा थांबला की खडीच्या आतला ऑक्सिजन आधी संपतो. बॅक्टेरिया उपाशी, त्यात तो गाळ. लाईट आली की ते सगळं नासकं पाणी पंप इमानेइतबारे वर आणून माशांच्या तोंडावर सोडतो. स्पंज निदान उघड्या पाण्यात तरी असतो.

दादर_पश्चिम
आम्हाला मुंबईत हा अनुभव नाही बुवा, लाईट जातेच कुठे! पण पेठेतल्या साहेबांना एक सांगतो, बॅटरीवर चालणारे एअर पंप मिळतात, लाईट गेली की आपोआप सुरू होणारे. आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. नाहीतर लाईट गेल्यावर पाणी त्याच नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं, आणि पंप विजेच्या बोर्डाशेजारी असला तर माशांपेक्षा माणसाचा घोर जास्त.

फ्लॉवरहॉर्न_पिंपरी
फ्लॉवरहॉर्न, ऑस्करसारखे मोठे, तळ खणणारे मासे असतील तर विषय संपला. एका रात्रीत खड्डा खणून जाळी उघडी पाडतात. पाणी मग सोप्या वाटेने, म्हणजे त्या खड्ड्यातून जातं आणि बाकीची खडी नुसती शोभेला.

हिरवा_कोपरा
झाडंवाल्यांनीही नादी लागू नये. मुळं जाळीच्या भोकांत शिरतात, आणि तळाशी टाकलेलं खत वर पाण्यात येऊन शेवाळ.

काटेकोर
किरकोळ दुरुस्ती. बॅक्टेरियांचा विषय निघाला की पॅकेटांवर वाचून लोक नायट्रोबॅक्टरचं नाव घेतात. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट खाण्याचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८ मध्येच दाखवलं गेलंय. चालू द्या.

वसईची_मासेवाली
मुंबईकर लाईटवर खूश आहेत, पण आपल्या पाण्याकडे कुणी बघत नाहीये. तलावाचं पाणी हलकं, त्यात कार्बोनेट कमी. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना बॅक्टेरिया सात ग्रॅमच्या आसपास क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारं कार्बोनेट, खाऊन टाकतात. खडीत गाळ साठत गेला आणि पाणी बदललं नाही तर पीएच हळूहळू सहाच्या खाली घसरतो. तिथे बॅक्टेरियांचं काम जवळपास ठप्प. अमोनिया साचतो, पण आम्लात तो बिनविषारी रूपात असतो म्हणून मासे दिसायला ठणठणीत. मग पाहुणे येणार म्हणून कुणीतरी अर्ध्याहून जास्त पाणी एकदम बदलतं, पीएच वर उडी मारतो. सातचा आठ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. संध्याकाळी मासे उताणे, आणि बोल लावायचे नळाच्या पाण्याला.

हे कुठल्याही फिल्टरवर होऊ शकतं, मान्य. पण जिथे घाण दिसतच नाही तिथे जास्त होतं, कारण टाकी वरून चकचकीत असते. अंडरग्रॅव्हल वापरायचाच तर मूठभर मार्बल चिप्स खडीत मिसळा आणि पीएचची किट घरात ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर चिप्सची गरज नाही.

जुनीटाकी
ताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. चिप्सचं पटलं. गाळाबद्दल मात्र माघार नाही. ज्यांना त्याची एवढी भीती आहे त्यांनी उलटा प्रवाह करून बघावा: पॉवरहेडच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या छोट्या पंपाच्या, तोंडाला स्पंज लावायचा आणि पाणी नळीतून खाली ढकलायचं. ते जाळीखालून वर खडीतून येतं, त्यामुळे घाण खडीत बसतच नाही.

गाळसाक्षर
म्हणजे अंडरग्रॅव्हल चालवायला आधी स्पंज लावायचा. माझं काम झालं.

नवशिका
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. दीड फुटी टाकी आहे, दोन छोटे गोल्डफिश. काय घेऊ?

गाळसाक्षर
स्पंज, आणि तोही मोठा. गोल्डफिश दिवसभर तळ उकरतो आणि घाण भरपूर करतो.

जुनीटाकी
घाण भरपूर म्हणूनच अंडरग्रॅव्हल! पण दीड फुटात नाही हो. हे गोल्डफिश वीतभर वाढतात. फिल्टरचे पैसे सध्या बाजूला ठेवा, टाकी मोठी घ्या.

वसईची_मासेवाली
तोवर फिल्टरशिवाय ठेवायला नका सांगू त्यांना. स्पंज आजच लावा, मोठी टाकी आली की तोच उचलून तिकडे टाका. बॅक्टेरिया तयार मिळतील, शून्यातून सुरुवात केली तर चार-सहा आठवडे जातात.