भिंत वाढवायची की घर उचलायचं

ग्रुप: समाचं घर, बडोदा (१४ जण)
शनिवार, जूनचा पहिला आठवडा

मोठे काका, सकाळी ७:१०
सगळ्यांना कळवतो. सोमवारी कडिया (गवंडी) येतोय. नदीच्या बाजूची कंपाउंड वॉल ४ फूट वाढवून घेतो, पावसाच्या आत. कोणाला काही म्हणायचं असेल तर आज-उद्यात बोला.

बाबा, ७:२२
दादा, घेऊन टाका. विश्वामित्री नदी रुंद-खोल केली आहे म्हणतात, पण आपण आपल्या तयारीत असलेलं बरं.

आई, ७:३१
भाऊजी, भिंतीच्या आधी गटरचं बघू या ना. २०२४ ला गोकुळाष्टमीच्या पावसात पाणी भिंतीवरून आलंच नव्हतं. आधी न्हाणीच्या मोरीतून आलं. मी जुन्या चादरी कोंबत बसले होते आणि त्या चादरी खालून वर ढकलल्या जात होत्या. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

मोठे काका, ७:४०
सुरुवात मोरीतून झाली, खरं आहे. पण मग फाटकातूनही आलंच. नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६. समा, फतेगंज, अकोटा, वडसर, कोण सुटलं? लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या. भिंत हवीच.

आत्या, ८:०६
दादा, इथे रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत. नात झोपली आणि तुझा मेसेज वाचून मी उठून बसले. सोमवारी कडियाला थांबव. मी तीन महिने ज्या गावात राहतेय, त्या गावाने हाच प्रश्न आपल्या आधी शंभर वर्षं सोडवलाय. सकाळचा चहा होईपर्यंत लिहिते, सगळं वाच.

आत्या, ८:२१
हे गाव गॅल्व्हेस्टन, अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावरचं बेट, म्हणजे वाळूचा लांब पट्टा. २७ मैल लांब, रुंदी जास्तीत जास्त ३ मैल. पुढे समुद्र, मागे खाडी. १९०० सालच्या ८ सप्टेंबरला इथे वादळ आलं. तेव्हा गावातली सगळ्यात उंच जागा ९ फुटांचीसुद्धा नव्हती आणि पाणी १५ फुटांच्या वर चढलं. कमीत कमी ६ हजार माणसं गेली, बरेच जण ८ हजार सांगतात. अमेरिकेत नैसर्गिक संकटात एका वेळी इतकी माणसं आजवर कधी गेली नाहीत.

मग त्यांनी तू म्हणतोस तेच केलं. १९०२ ला भिंत सुरू केली, १९०४ ला पहिला तुकडा पूर्ण. १७ फूट उंच. आता ती १० मैलांची आहे, मी रोज संध्याकाळी तिच्यावरून चालते. पण त्यांना तेव्हाच कळलं की नुसती भिंत पुरणार नाही. म्हणून त्यांनी गाव उचललं.

ताई (पुणे), ८:२४
गाव उचललं म्हणजे?

आत्या, ८:३८
म्हणजे खरंच उचललं, बाळा. १९०३ पासून सात-आठ वर्षं हेच काम चाललं. दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर घेतल्या. मग बंदराच्या तोंडाशी समुद्रतळातली वाळू उपसायची, पाण्यात कालवून पाइपातून आणायची आणि घरांच्या खाली सोडायची. पाणी निघून जायचं, वाळू बसायची. वाळूची जहाजं आत आणायला गावाच्या मधून कालवा खणला होता. तेवढी वर्षं लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटेवरून बाजारहाट करत होते. रस्ते, नळ, गटरं, ट्रामचे रूळ, सगळं वर आलं. सेंट पॅट्रिकचं चर्च ३ हजार टनांचं, ते ७०० जॅकवर ५ फूट वर घेतलं.

आणि दादा, तू लगेच म्हणशील की ती अमेरिका आहे, सरकारने केलं असेल. भिंत आणि वाळू सरकारने केली. स्वतःचं घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने केला.

बाबा, ८:४५
तरी त्यांची भिंत टिकली ना? मग आपली का नको?

आत्या, ८:५९
टिकली. तेच सांगायचंय. २००८ ला आइक नावाचं वादळ आलं, तेव्हा पुढची भिंत पक्की उभी होती आणि पाणी मागच्या खाडीतून गावात शिरलं. जुन्या बाजारपेठेत, स्ट्रँड म्हणतात तिला, दुकानांच्या भिंतींवर पाणी कुठवर आलं त्याच्या पाट्या लावल्यात. मी एका पाटीखाली उभी राहिले. माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर होती. लेकीने फोटो काढला, पण मी पाठवला नाही, आईला बघवणार नाही म्हणून.

आपल्याकडे नदी पुढे आणि गटर मागे. वहिनी जे म्हणतेय ते अक्षरशः हेच आहे.

आई, ९:०२
वन्सं, बरं झालं तुम्ही बोललात.

मोठे काका, ९:१५
वाचलं. चर्चचं खरं वाटत नाही, पण तू लिहितेस म्हणजे असेल. एक सांग, आता तिथली नवी घरं कशी बांधतात?

आत्या, ९:३४
भिंत जिथे संपते तिथून पश्चिमेला सगळी घरं खांबांवर आहेत. लेकीचं पण. खाली फक्त गाडी, सायकली, पोरांची वाळूतली खेळणी. वॉशिंग मशीन, वीजपेटी, सगळं वर. खाली कोणी भिंती घातल्या तर त्या मुद्दाम निसटत्या ठेवतात, पाण्याचा जोर आला की त्या पडाव्यात आणि घर उभं राहावं म्हणून. पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची. मला हे समजायला महिना लागला.

परवा आम्ही पलीकडे बोलिव्हारला गेलो होतो. फेरीबोट फुकट आहे, गाडीसकट. बोटीच्या पुढे डॉल्फिन उड्या मारतात, नात किंचाळते. तिथे गिल्क्रिस्ट म्हणून वस्ती आहे. आइकनंतर समुद्राकडच्या बाजूला एकच पिवळं घर उभं राहिलं होतं, आजूबाजूला नुसती वाळू. त्या कुटुंबाचं आधीचं घर २००५ च्या रीटा वादळात गेलं होतं, म्हणून नवं बांधताना त्यांनी ते जास्त उंच खांबांवर घेतलं होतं.

ताई (पुणे), ९:५०
बाबा, इंजिनीअर म्हणून सांगते. घर उचलणं आपल्याकडेही होतं. हरियाणातले कारागीर जोत्याखाली जॅक लावून अख्खं घर वर घेतात, चेन्नई-केरळात खूप झालीत. पण आपलं घर जुन्या वीटबांधणीचं आणि खाली बडोद्याची काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरने पाया बघायचा. हे काम दिवाळीनंतरच. या पावसात कोणी हात लावायचा नाही.

बाबा, ९:५४
मग या पावसाचं काय?

ताई (पुणे), १०:०३
तीन गोष्टी, आणि तिन्ही आठवड्यात होतात. घरातून बाहेर जाणाऱ्या गटरलाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाईल पण उलटं येणार नाही. मीटरपेटी आणि मोटारचं स्टार्टर जिन्याच्या चौथ्या पायरीच्या वर. आणि आजीची खाट वरच्या मजल्यावर, आत्ताच, ढग आल्यावर नाही.

मी, १०:११
खाटेचं आज संध्याकाळी मी आणि समोरच्या घरातली पोरं करून टाकतो. २०२४ ला आजीला खुर्चीत बसवून त्यांनीच वर नेलं होतं. तेव्हा कंबरभर पाणी होतं आणि आजी एका हाताने माझी कॉलर आणि दुसऱ्या हाताने तिच्या जपमाळेची पिशवी धरून होती. आजोबांची पेटी मात्र खालीच राहिली. तिचा भाता फुगून फाटला, काळ्या पट्ट्या अजून दाबल्या की वर येत नाहीत. मला ती दुरुस्त करायची आहे, पण खालच्या खोलीत ठेवायला मी परत आणणार नाही.

आत्या, १०:२०
शाबास. आणि गल्लीत कोण एकटं आहे, कोणाला चालता येत नाही, याची एक वही करा. इथे वादळाच्या दिवसांत, जून ते नोव्हेंबर, ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा ज्यांना मदत लागते ते २११ वर फोन करून आधीच नाव नोंदवतात. वादळ दारात आल्यावर नाव घ्यायला वेळ नसतो.

मोठी काकू, १०:२८
वन्सं, एवढी भीती असताना लोक तिथे राहतात कसे हो?

आत्या, १०:५१
भीती धरून नाही राहत, वहिनी. दर सकाळी किनाऱ्यावर झेंडा लागतो. हिरवा म्हणजे समुद्र शांत, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे जोराचा, जांभळा म्हणजे पाण्यात डंख मारणारे प्राणी. नातीला शाळेच्या आधी हे रंग पाठ झाले. सध्या किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग येतात, गुडघ्याएवढे. मला घाण वाटायचं, पण तेच वाळूच्या टेकड्यांशी ढकलतात, वाळू धरून ठेवायला. कासव अंडी घालायला वर आलेलं दिसलं की लोक लांब थांबतात आणि फोन करतात, कोणी हात लावत नाही.

येत्या १९ तारखेला जूनटीन्थ. १८६५ साली याच गावात गुलामगिरी संपल्याचा हुकूम वाचला होता, आता २०२१ पासून सगळ्या देशाला सुट्टी असते. 

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल. आइकच्या खाऱ्या पाण्याने इथली सुमारे ४० हजार झाडं मेली. जुने मोठे ओक. लोकांनी काही खोडं तोडली नाहीत, सुतार-शिल्पकारांकडून त्यांतच पक्षी, डॉल्फिन, कुत्री कोरून घेतली. ती घरांपुढे उभी आहेत. मी एका खोडावर हात ठेवला, आत अजून ओकाच्या रेघा दिसतात.

गाव उचललं तेव्हाही लोकांच्या बागा वाळूखाली गेल्या होत्या. मग बायकांनी पुढाकार घेऊन पुन्हा झाडं लावली. काय लावलं सांगू? कण्हेर. खारी वाळू, वारा, सगळं सोसते. आजही रस्तोरस्ती लाल, गुलाबी, पांढरी कण्हेर आहे आणि या गावाचं टोपणनावच कण्हेरीचं गाव आहे. पहिल्या दिवशी मी आईला फोनवर म्हटलं, अगं, आपल्या गणपतीला वाहतो ती.

मोठे काका, ११:२०
मी इतका वेळ उत्तर दिलं नाही, कारण खाली जाऊन मोजून आलो. दिवाणखान्यातली २०२४ ची रेघ जोत्यापासून ३ फूट ९ इंच. २०१९ ला एका दिवसात २० इंच पाऊस पडला होता, त्याची रेघ रंगाखाली गेली आहे, पण खिडकीच्या चौकटीवर अजून दिसते, तिच्यापेक्षा एक वीत खाली. दोन्ही वेळा मी रंग दिला आणि विषय संपला असं समजलो.

कडियाला फोन केला. भिंतीचं राहू दे म्हटलं. सोमवारी तो गटरलाइन आणि मीटरपेटीच्या कामाला येतो.

बाबा, ११:२४
दादा, व्हॉल्व्हचा खर्च माझ्याकडे.

मोठे काका, ११:२६
निम्मा-निम्मा. आणि ताई, तुझ्या ओळखीचा स्ट्रक्चरल इंजिनीअर असेल तर नंबर दे. दिवाळीपर्यंत त्याचा रिपोर्ट हातात हवा. उचलायचं तर ५ फुटांच्या खाली मी ऐकणार नाही.

ताई (पुणे), ११:२९
देते. संध्याकाळी त्यांच्याशी बोलून ठेवते.

आई, ११:४०
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणतात ते जसंच्या तसं लिहिते: "खाट वर न्या, मी हट्ट करणार नाही. पण घर उचलाल तेव्हा अंगणातलं वृंदावन खाली ठेवू नका. ते आधी उचला, मग घर."

मोठे काका, ११:४२
आईला सांग, होय. वृंदावन आधी.