छोट्या व्हीपीएसवर वर्डप्रेस आहे, बॉट्सनी जीव खाल्लाय, काय करू?

गूळपोळी:
नमस्कार मंडळी. माझी रेसिपींची साइट आहे, स्वतःच्याच व्हीपीएसवर (भाड्याचा छोटा सर्व्हर), १ जीबी रॅम, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि वर्डप्रेस. रोजचे वाचक दीड-दोनशे, त्यात निम्मे नातेवाईक. गेले तीन आठवडे दिवसाआड साइट बसतेय, पांढऱ्या पानावर डेटाबेसशी कनेक्शन होत नाही एवढंच येतं, मायएसक्यूएल रिस्टार्ट केलं की परत सुरू. लॉग उघडला तर एका रात्रीत ४० हजार रिक्वेस्ट! संक्रांतीलासुद्धा एवढं कोणी फिरकलं नव्हतं. मी लॉगमधले आयपी उचलून फायरवॉलमध्ये टाकत बसले, तीनशेच्या वर झाले, दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे नवेच. आता वाटतंय भारत सोडून बाकी सगळे देशच बंद करून टाकावेत. करू का?

लॉगवाचक:
देश नका बंद करू ताई. न्यू जर्सीत बसून दिवाळीच्या आदल्या रात्री अनारसे का विरघळले म्हणून शोधणारीला तुम्हीच दार लावाल, आणि बॉट्सना काय, ते भारतातलेही आयपी घेऊन येतात. आयपीच्या मागे धावणं पण सोडा, ते ढेकूण मारल्यासारखं आहे, संपत नाही. आधी एवढं करा, कोण आलं ते न मोजता काय मागितलं ते मोजा. लॉगमध्ये कुठल्या पत्त्यावर किती रिक्वेस्ट आल्या ते काढून इथे टाका. आणि पीएचपी-एफपीएमचे (वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणारा भाग) मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस, किती ठेवलेत?

गूळपोळी:
काढलं. एक्सएमएलआरपीसी डॉट पीएचपी ३१ हजार, लॉगिनचं पान ५ हजार, आणि साइटच्या सर्चमध्ये कुठल्या तरी चिनी अक्षरांचे शोध दोनेक हजार. खऱ्या रेसिपींना हजारभर पण नाहीत 😅 मॅक्स चिल्ड्रन ५०, एका ट्युटोरियलमध्ये तसं होतं.

लॉगवाचक:
सापडलं मग. एक पीएचपी प्रोसेस ४० एमबी धरली तरी ५० म्हणजे २ जीबी, तुमच्याकडे आहे १. मेमरी संपली की लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस मारतं, ती नेमकी मायएसक्यूएल. कर्नलच्या लॉगमध्ये तसं लिहिलेलं सापडेल. आधी तो आकडा ५-६ वर आणा, साइट थोडी हळू होईल पण मरणार नाही.

आता एक्सएमएलआरपीसी, म्हणजे बाहेरच्या ॲप्सनी वर्डप्रेसशी बोलायची फाइल. या फाइलवर पासवर्ड ओळखणाऱ्यांचा डोळा असतो कारण तिथे मल्टिकॉल नावाची सोय आहे, एकाच रिक्वेस्टमध्ये शेकडो कॉल भरून पाठवता येतात. नव्या वर्डप्रेसमध्ये पहिला पासवर्ड चुकला की त्या रिक्वेस्टमधले पुढचे सगळे बाद होतात, पण बॉट्सना कोण सांगणार, ते ठोकतच राहतात. जेटपॅक प्लगइन किंवा वर्डप्रेसचं मोबाइल ॲप वापरत नसाल तर एनजिनएक्समध्येच त्या फाइलला ४४४ द्या. ४४४ म्हणजे उत्तरच न देता कनेक्शन तोडणं, पीएचपीपर्यंत काही पोचतच नाही. प्लगइन लावून अडवलंत तर आधी अख्खं वर्डप्रेस उठणार आणि मग नाही म्हणणार, चोराला चहा पाजून परत पाठवल्यासारखं.

कोकणी_एनजिनएक्स:
+१. लॉगिनच्या पानाला लिमिट रिक्वेस्ट लावा, एका आयपीला मिनिटाला पाच वगैरे, सर्चला थोडी सैल. फेलटूबॅन (लॉग वाचून आयपी आपोआप बॅन करणारं साधन) लावणार असाल तर दोन गोष्टी. वर्डप्रेस चुकीच्या पासवर्डलाही २०० च (म्हणजे 'सगळं ठीक') देतं त्यामुळे ४०१ ('प्रवेश नाही') शोधणारा फिल्टर कधी पेटतच नाही, लॉगिनच्या पानावरच्या पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्म भरून पाठवल्याच्या) मोजाव्या लागतात. दुसरं, साइट क्लाउडफ्लेअरच्या (मध्ये उभी राहून ट्रॅफिक गाळणारी सेवा) मागे असेल तर लॉगमध्ये त्यांचेच आयपी दिसतात, आधी खरा आयपी लॉगमध्ये येईल असं करा नाहीतर क्लाउडफ्लेअरलाच बॅन करून बसाल (मी बसलोय, रविवारची दुपार गेली). आणि बॅन तासाभराचा ठेवा, कायमचा नको, मोबाइल नेटवर एका आयपीमागे खूप माणसं असतात.

पाटावरवंटा:
रोबॉट्स फाइलमध्ये (बॉट्सनी काय वाचू नये ते लिहितात ती) डिसअलाउ टाकलं की झालं ना?

लॉगवाचक:
ती पाटी आहे हो, कुलूप नाही. १९९४ पासून सगळं विश्वासावर चाललंय. जीपीटीबॉट, एचरेफ्सबॉट असे नाव सांगून येणारे बहुतेक पाळतात, पासवर्ड ठोकणारा कशाला वाचतोय? आणि यूजर एजंटला (बॉट स्वतःचं नाव सांगतो ती ओळ) गूगलबॉट लिहिलं म्हणजे गूगल असतंच असं नाही, आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव) काढा, नाव गूगलबॉट डॉट कॉमवर संपतंय का बघा आणि त्या नावावरून परत तोच आयपी येतोय का तेही.

गूळपोळी:
चार दिवसांनी लिहितेय. मॅक्स चिल्ड्रन ५, एक्सएमएलआरपीसीला ४४४, लॉगिनला लिमिट. रिक्वेस्ट अजून तेवढ्याच येतात पण साइट एकदाही बसली नाही! ते तीनशे आयपी पण काढून टाकले. एकदा स्वतःच पासवर्ड सहा वेळा चुकवून बाहेर अडकले ते सोडा.

आता कमेंट राहिल्या. देवनागरी अक्षर नसेल तर कमेंट थांबवून ठेवायची असं केलं, कसिनोवाले सगळे अडकले, पण त्यांच्यात आमच्या आत्याची रोमनमधली 'खूप छान' पण अडकली, ती रुसलीय. आणि काल एक बॉट शुद्ध मराठीत लिहून गेला, 'आपला लेख अत्यंत माहितीपूर्ण आहे, मी बुकमार्क केला', खाली बुटांच्या दुकानाची लिंक. लेख कसला, भरल्या वांग्यांची रेसिपी होती.

कोकणी_एनजिनएक्स:
लिंक असलेली प्रत्येक कमेंट थांबवा, वर्डप्रेसच्या डिस्कशन सेटिंगमध्येच आहे, आकडा १ करा. आणि वेबसाइटचा रकाना फॉर्ममधून काढून टाका, आत्याला तो लागत नाही.