शब्दचर्चा : ‘स्टुअर्डशिप’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा, खानापूर :
माझी पुतणी बंगळूरला एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकते. अभ्यासात एआय कसं वापरावं याचे नियम तिला इंग्रजीत मिळालेत. त्यात ‘रिस्पॉन्सिबल यूज’ आणि ‘स्टुअर्डशिप’ हे शब्द शेजारीशेजारी आहेत. पहिल्याला ‘जबाबदार वापर’ चालेल. दुसऱ्याला ‘कारभारीपण’ म्हणावं तर आमच्याकडं वहिनी दादाला कारभारी म्हणते! गावातल्या मराठी माध्यमाच्या पोरांना हे समजवायचं आहे. शब्द सुचवा.

उत्तर, बेळगाव :
‘कारभारीपण’च घ्या. मराठी बायबलमध्ये या जागी ‘कारभारी’ हाच शब्द आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:२) कारभाऱ्याकडून अपेक्षा एकच, तो विश्वासू असावा. लूकच्या १६व्या अध्यायात धनी त्याच्याकडं कारभाराचा हिशेब मागतो. म्हणजे मालमत्ता दुसऱ्याची, आणि हिशेब चुकत नाही. आपल्या संस्थानांतल्या कारभाऱ्यांचंही तेच होतं.

मुलं अडतात ती ‘कशाचा कारभार?’ या प्रश्नाशी. त्यांना वाटतं, एआयचा. ख्रिस्ती विचारात माणसाची बुद्धी ही देवानं सोपवलेली ठेव आहे, कारभार तिचा. व्याकरण तपासून घेतलं, अवघड उतारा सोपा करून मागितला, तर तिला धक्का लागत नाही. अख्खा निबंध यंत्राकडून लिहून घेतला की मात्र ठेव तशीच पडून राहिली. व्हॅटिकननं २८ जानेवारी २०२५ रोजी ‘आंतिक्वा एत नोव्हा’ हा एआयवरचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात शिक्षणाविषयी हीच काळजी आहे : पुष्कळ साधनं विद्यार्थ्याला स्वतः उत्तर शोधायला लावत नाहीत, तयार उत्तर देऊन मोकळी होतात. पोरांना दुसरं काही सांगितलं नाही तरी एवढं नक्की सांगा.

पुरवणी, निपाणी :
‘जबाबदार’ हा शब्दही नीट फोडून सांगावा. जबाब अरबी, दार फारसी. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. कन्नडमध्येही ‘जवाब्दारी’ आहे, त्यामुळं वर्गातल्या कन्नड मित्रांनाही लगेच कळेल. सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, ‘हा संदर्भ कुठल्या पुस्तकातला?’ तर उत्तर पोरीलाच द्यायचं आहे. ही यंत्रं अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावंही ठामपणे सांगतात, तेव्हा मूळ पुस्तक उघडून बघायलाच हवं.

जाता जाता : कन्नडमध्ये एआयला ‘कृतक बुद्धिमत्ते’ म्हणतात. सीमाभागात तो ‘कृतक’ मराठी लेखनातही शिरू शकतो. तसं करू नका. आपल्याकडं कृतककोप म्हणजे लटका राग. ‘कृत्रिम’च बरं.

विचारणा, खानापूर :
‘कारभारीपण’ पटलं. आता निबंधाच्या शेवटी एआय कुठं वापरलं ते लिहायचं असतं. त्याला ‘ऋणनिर्देश’ म्हणू का?

उत्तर, बेळगाव :
नको. ऋण शिक्षकांचं, ग्रंथपालांचं, मैत्रिणीचं. व्हॅटिकनच्या त्याच दस्तऐवजात यंत्राला माणसासारखं मानू नये असा इशारा आहे, तो इथंही पाळावा. ‘वापराची नोंद’ म्हणा आणि मोजकं लिहायला सांगा : ‘आराखडा आणि मजकूर माझा. शुद्धलेखन चॅटजीपीटीकडून तपासून घेतलं. उतारे मूळ ग्रंथांशी ताडून पाहिले.’